प्रश्न तुमचे: छोट्या मिलिंग मशीनवर डीआरओ

प्रश्न: माझ्याकडे छोटं बेंच मिलिंग मशीन आहे, एक्सचा (डावी-उजवीकडचा) प्रवास ३०० मिमीच्या आसपास आणि वायचा (मागे-पुढचा) जेमतेम १३०. हँडव्हीलचे फेरे मोजताना कोणी हाक मारली की सगळं विसरायला होतं. डीआरओ (डिजिटल रीडआउट, म्हणजे स्केलवरून टेबलाची जागा आकड्यांत दाखवणारा डिस्प्ले) लावायचाय. कॅलिपरसारखी स्केल घेऊ, ग्लास घेऊ की मॅग्नेटिक? आणि १ मायक्रॉनवालीच (मिमीचा हजारावा भाग वाचणारी) घ्यावी का?

वाय १३० मिमी म्हणालात ना, खरा प्रश्न तिथेच आहे. मोठ्या मशीनवर लोक एक्सची स्केल टेबलाच्या मागच्या बाजूला लावतात कारण तिथे ती चिप्स आणि हातापासून लांब राहते, पण छोट्या मशीनवर टेबल मागे गेलं की ती स्केल कॉलमला आपटते. स्केल आणि कव्हर मिळून ३० मिमी जागा खाल्ली तर तुमचा वायचा जवळजवळ पाव प्रवास गेला. म्हणून आधी टेबल पूर्ण मागे नेऊन कॉलमपर्यंत किती जागा उरते ते मोजा आणि मग स्केलचा प्रकार ठरवा. पुढच्या बाजूला लावली तर प्रवास वाचतो, पण टेबल लॉकचे हँडल आणि स्टॉप आडवे येतात, ते हलवावे लागतात.

कॅलिपरच्या जातीची स्केल स्वस्तात पडते, बारीक असते, हॅकसॉने कापताही येते. पण तेल-कूलंट आत गेलं की आकडे वेड्यासारखे नाचतात आणि डिस्प्ले हाताच्या मागे मागे येतो. ग्लास स्केलमध्ये काचेवर रेघा असतात, ५ मायक्रॉनवालीत त्या साधारण २० मायक्रॉनच्या अंतराने, आणि स्केलवर सरकत रेघा वाचणाऱ्या हेडमधून दोन सिग्नल येतात, एक दुसऱ्यापेक्षा पाव टप्पा मागे, त्या दोघांचे चढउतार मोजले की २० चे ४ भाग होतात आणि कुठला सिग्नल आधी आला त्यावरून दिशाही कळते. भरवशाची आहे, पण जाड आहे, घरी कापायच्या भानगडीत पडू नका आणि मापाच्या लांबीपेक्षा तिची बॉडी बहुतेक वेळा १०० मिमीहून जास्त लांब असते. मॅग्नेटिकची पट्टी हवी तेवढी कापता येते, हेड लहान असतं, कूलंटचं तिला काही वाटत नाही, फक्त लोखंडाची बारीक भुकटी चिकटते म्हणून वर स्टीलची कव्हरपट्टी लावायचीच. तुमच्या मशीनला एक्स-वायसाठी मी मॅग्नेटिक म्हणेन, बजेट नसेल तर स्लिम ग्लास.

१ मायक्रॉनचा हट्ट सोडा. ३०० मिमीचा लोखंडी जॉब १० अंशांनी तापला तर साधारण ३३ मायक्रॉन वाढतो, तिथे शेवटचा आकडा नाचताना बघून नुसती चिडचिड होणार. ५ मायक्रॉन भरपूर झालं.

प्रश्न: ग्लास स्केल लावली, पण टेबल एका टोकाला गेलं की हँडव्हील जड होतं आणि कधी कधी आकडाच उडी मारतो. स्केल खराब निघाली का?

बहुतेक नाही, स्केल तिरकी बसलीय. बीडाच्या कास्टिंगवर जिथे मशीनिंग केलेलं नाही, नुसता पुट्टी-रंग आहे, तिथे स्केल थेट आवळली की ती त्या पृष्ठभागाप्रमाणे वाकते. त्यापेक्षा मागे एक जाड फ्लॅट पट्टी घ्या, तिला चार कोपऱ्यांत ग्रब (बिनडोक्याचे) स्क्रू द्या, आणि कास्टिंग कसंही असलं तरी त्या स्क्रूंनी पट्टी सरळ करा. मग डायल गेजचा स्टँड न हलणाऱ्या भागावर ठेवा, टोक स्केलच्या बॉडीवर टेकवा आणि टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. वरची बाजू आणि पुढची बाजू दोन्हीकडे ०.१ मिमीच्या आत आली पाहिजे.

गंमत म्हणजे हे सगळं आकड्याच्या अचूकतेसाठी नाहीच. ३०० मिमीत स्केल १ मिमी तिरकी राहिली तरी मापात फरक पडतो २ मायक्रॉनच्याही आत. पण हेडला मात्र तो १ मिमी सहन होत नाही, ते आत घासतं, अडकतं, आणि तुमचं हँडव्हील जड होतंय ते त्यामुळेच.

हेडसोबत येणारे रंगीत प्लास्टिकचे तुकडे हेड आणि बॉडीतलं अंतर बरोबर राहावं म्हणून असतात, हेड आवळून झालं की ते काढायचे, बरेच जण तसेच ठेवतात! स्केलच्या फटीवरचे रबराचे ओठ खाली किंवा मागे, कधीही वर नाही. आणि प्रवास कॅटलॉगमधून घेऊ नका, टेबल हाताने दोन्हीकडे पार टेकेपर्यंत नेऊन मोजा, हेड त्याच्याही पुढे थोडं जाऊ शकलं पाहिजे, नाहीतर एक दिवस टेबलच स्केल फोडेल.

आता हेड धरणारा ब्रॅकेट. सगळे स्केलवर खर्च करतात आणि ब्रॅकेट पत्र्याचा. हेडजवळ ब्रॅकेटला बोटाने नीट दाब द्या आणि डिस्प्ले बघा. आकडा दोन-तीन घरं सरकला आणि सोडल्यावर परत आला तर ब्रॅकेट वाकतोय, मग दिशा बदलताना तो आधी वाकणार आणि नंतर हेड हलणार, म्हणजे पैसे खर्चून तुम्ही नवीन बॅकलॅश (दिशा बदलताना वाया जाणारी मोकळी हालचाल) विकत घेतला. जाड अँगल वापरा, भोकं लांबट ठेवा म्हणजे सरकवता येईल. बीडात एम४ चा टॅप असेल तर ३.३ चं ड्रिल, एम५ ला ४.२, तेलाची गरज नाही, फक्त ड्रिल करायच्या आधी मागे लीड स्क्रू किंवा तेलाची वाट नाही ना ते बघा.

प्रश्न: डीआरओ आल्यावर बॅकलॅश आणि जिबकडे (टेबलाच्या सरकमार्गातली ढिलाई घालवणारी पट्टी) बघायची गरज नाही असं मित्र म्हणतो. बरोबर?

मापापुरतं बरोबर. स्केल टेबलाची खरी जागा वाचते, स्क्रूची नाही. पण कटर जॉबला ओढायला लागला, विशेषतः क्लाइंब मिलिंगमध्ये (कटरचे दात जॉबच्या सरकण्याच्या दिशेनेच कापतात तेव्हा), की टेबल बॅकलॅशएवढं झटक्यात पुढे जातं. डीआरओ ते तुम्हाला प्रामाणिकपणे दाखवेल, तोपर्यंत कटर तुटलेला असेल. ज्या अक्षात कापत नाही तो लॉकच करा, आणि लॉक आवळताना आकड्यावर नजर ठेवा. ०.०२-०.०३ सरकला तर जिब सैल आहे.

अजून एक, जे लोकांच्या लक्षात येत नाही. जिब सैल असेल तर टेबल किंचित तिरकं होतं, समजा २०० मिमीत ०.०२. स्केल मागे आणि कटर तिच्यापासून १५० मिमी पुढे, तर कटरजवळची चूक ०.०१५ मिमी, आणि स्केलला त्याचा पत्ताच नाही. म्हणून आधी जिब, मग स्केल.

प्रश्न: गोल कॉलमचं मशीन आहे, मशीनचं हेड (स्पिंडल असलेला वरचा भाग) वर घेतलं की भोकाची जागा जाते. डीआरओने सुटेल?

नाही. टेबल हललेलं नाही, हेड कॉलमभोवती फिरलंय, त्यामुळे एक्स-वायचे आकडे तसेच राहणार आणि तरीही जागा चुकणार. हेड हलवलं की एज फाइंडर (जॉबची कड शोधायचं साधन) पुन्हा लावा. १० मिमी टोकाचा असेल तर कड लागल्यावर ५ मिमी धरायला विसरू नका. झेडची (वर-खालची) स्केल मात्र क्विलवर (स्पिंडलसह खाली-वर होणारी नळी) लावा, खोलीसाठी ती रोज उपयोगी पडेल.

प्रश्न: सगळं बसवलं, आता बरोबर वाचतंय हे कसं तपासू?

आधी दिशा. टेबल डावीकडे गेलं म्हणजे जॉबच्या हिशोबाने कटर उजवीकडे गेला, म्हणून एक्स वाढला पाहिजे. उलटं येत असेल तर सेटिंगमध्ये चिन्ह बदला, नाहीतर पीसीडीची (एका वर्तुळावर पाडलेली) भोकं आरशातल्यासारखी उलटी येतील. मग टेबलावर पक्का स्टॉप लावा, स्पिंडलमधला डायल त्याच्यावर शून्य करून डिस्प्लेही शून्य करा, स्टॉपला १०० मिमीचा स्लिप गेज (अचूक मापाचा ठोकळा) टेकवा आणि टेबल सरकवून डायल त्याच बाजूने गेजवर परत शून्यावर आणा. डिस्प्लेवर १०० यायला हवेत. फरक आला तर लगेच करेक्शनचा पॅरामीटर भरू नका, आधी जिब आणि ब्रॅकेट बघा.

शेवटी एक पीसीडी करून बघा, ६० व्यासावर ६ भोकं. मध्य शून्य धरला आणि पहिलं भोक एक्स ३०, वाय ० वर, तर दुसरं एक्स १५ आणि वाय २५.९८ दाखवेल. सहा भोकांत शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर त्रिज्येएवढंच म्हणजे ३० मिमी येतं, त्यामुळे भोकांत पिना घालून कॅलिपरने बाहेरून मोजा आणि एका पिनेचा व्यास वजा करा. सहाही ठिकाणी मोजा, एकाच ठिकाणी नको.