वहीत मूल दिसलं पाहिजे

तिसरीचा परिसर अभ्यास तुझ्याकडे आलाय, तर विज्ञानाची वही फळ्यावरून उतरवून घेऊ नकोस. ठाण्यात लागले तेव्हा मीही पहिली दोन वर्षं तेच केलं. सगळ्या वह्यांत एकच उत्तर. तपासायला सोपं, पण मूल कुठेच नाही.

एका बाजूला कोरी, दुसरीकडे रेघांची अशी वही घे. सुरुवात मुगापासून कर. एक वाटी ओल्या कापसाची, एक कोरडी. काय होईल असं वाटतं, ते तारीख घालून आधी लिहून घे. मग रोज चित्र आणि पट्टीने कोंबाची लांबी. अंदाज चुकला तरी खोडरबर नाही, खाली नवी ओळ. यावर मुलं रडकुंडीला येतात, घाबरू नकोस.

एकदा वाटीत पाणी जास्त झालं आणि सुट्टीनंतर मूग कुजलेले निघाले. एकाने लिहिलं, ‘आज घाण वास येतोय.’ वर्षातली सर्वात चांगली नोंद ती! तिच्यावरूनच बीला हवाही लागते इथवर आम्ही पोहोचलो.

तपासताना शुद्धलेखनावर लाल पेन नको. पेन्सिलने एकच प्रश्न लिही. ‘वही गबाळी आहे’ असं पालक म्हणतील, त्यांना जूनचं आणि दिवाळीनंतरचं पान शेजारी दाखव.

आणि हिवाळ्यात ऐरोलीच्या खाडीकडे सहल निघाली तर वह्या घेऊन जा. फ्लेमिंगो ‘गुलाबी’ एवढ्यावर सोडू नकोस. खाताना तो चोच उलटी धरतो, ते काढायला लाव.