रोखीने मिळालेली मजुरीसुद्धा नोकरीच

प्रश्न : आम्ही पेडणे तालुक्यातले. मुलगा गेल्या ऑगस्टमध्ये एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत न्यू जर्सीला कॉम्प्युटर सायन्समध्ये एमएस करायला गेला. बँकेचं शिक्षण कर्ज आहे. फेब्रुवारीत यजमानांना पक्षाघाताचा झटका आला. त्यांची टॅक्सी तेव्हापासून दारात उभी आहे आणि घर गेस्ट हाऊसच्या चार खोल्यांवर चालतंय. आमच्याच भागातल्या एका ओळखीच्या माणसाचं तिकडे किराणा दुकान आहे. मार्चपासून मुलगा शनिवार-रविवार तिथे काउंटरवर उभा राहतो, पैसे रोख मिळतात. आता कोणीतरी त्याला सांगितलं की हे चालत नाही. दुकानदार म्हणतो, पैशांऐवजी राहायला खोली देतो, म्हणजे नोकरी होणार नाही. त्याने मागच्या दोन आठवड्यांचे पैसेही अजून दिलेले नाहीत. खोल्यांचं ऑनलाइन बुकिंगही मुलगाच तिथून बघतो. त्याने युनिव्हर्सिटीत जाऊन सगळं सांगून टाकावं का? जुलैत घरी यायचं तिकीट काढलंय. यजमानांचा जन्म 1959 चा आहे. पोर्तुगीज पासपोर्ट केला तर काही मार्ग निघेल का?

उत्तर : ताई, पहिलं काम आजच करायचं आहे. मुलाने त्या दुकानात जाणं थांबवावं. येत्या शनिवारी शेवटचं जाऊन येतो, राहिलेले पैसे घेऊन मग सोडतो, असं नको. झालेलं पुसता येणार नाही, पण ते किती लांबलं हे पुढे प्रत्येक टप्प्यावर विचारलं जाईल.

मी पणजीला वकिली करते. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यावर अखेरचा शब्द तिथे सनद असलेल्या वकिलाचाच. कोणतं दार आधी ठोठवायचं आणि कोणतं नंतर, एवढं मात्र मी नक्की सांगू शकते, कारण तुमच्या प्रश्नात सगळं त्या क्रमावरच अवलंबून आहे.

मुलाला त्याच्या आय-20 चं, म्हणजे युनिव्हर्सिटीने व्हिसासाठी दिलेल्या प्रवेशपत्राचं, दुसरं पान काढायला सांगा. त्यावर ‘एम्प्लॉयमेंट ऑथरायझेशन्स’ असा मथळा आहे. कॅम्पसबाहेर काम करण्यासाठी युनिव्हर्सिटीने सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून करायच्या कामाची परवानगी) दिलं किंवा ओपीटीची (आपल्या विषयातल्या, बहुधा पदवीनंतरच्या कामाची परवानगी) शिफारस केली, की त्याची नोंद तारखांसकट तिथे येते. त्याच्या पानावर ती जागा कोरी असणार. मग दुकानातलं काम विनापरवानाच ठरतं. पैसे रोख घेतले की बँकेतून, दोन दिवस केलं की पाच, याने फरक पडत नाही. खोलीचा प्रस्तावही तसाच आहे. कामाच्या बदल्यात राहायला-जेवायला देणं म्हणजे मोबदलाच. आणि ज्या कामाला एरवी पगार द्यावा लागतो ते फुकट केलं, तरी त्याला स्वयंसेवा म्हणता येत नाही. दुकानदार वाईट हेतूने बोलतोय असं मला वाटत नाही. पण त्यानेही प्रत्येक कामगाराचा आय-9 हा काम करण्याची परवानगी तपासणारा फॉर्म भरायला हवा होता, आणि तो भरला असता तर परवाना नसल्याचं पहिल्याच दिवशी समोर आलं असतं.

आता युनिव्हर्सिटीत जाऊन सगळं सांगायचं की नाही. तुमच्या मनात हे आलं यात तुमचा सरळपणा दिसतो, पण आधी तिथे जाऊ नका. परदेशी विद्यार्थ्यांचं ऑफिस सांभाळणारा अधिकारी, ज्याला डीएसओ म्हणतात, तो कितीही मायाळू असला तरी मुलाचा वकील नसतो. विद्यार्थ्यांची नोंद सेव्हिस या सरकारी प्रणालीत असते. उल्लंघन कळलं की ते तिथे कळवणं हे त्याचं कर्तव्य आहे. नोंद एकदा रद्द झाली की ‘रिइन्स्टेटमेंट’ म्हणजे दर्जा पूर्ववत करून घेण्याचा अर्ज असतो. पण ज्याने विनापरवाना काम केलं आहे त्याला तो नियमानेच मिळत नाही. बाकी बऱ्याच चुकांना ही वाट खुली असते, या चुकीला मात्र ती बंद आहे. म्हणून आधी वकील, मग डीएसओ. वकिलाशी झालेलं बोलणं गोपनीय राहतं. अमेरिकन इमिग्रेशन लॉयर्स असोसिएशनच्या यादीत न्यू जर्सीचे वकील शोधता येतात. एका बैठकीची फी जड वाटेल, तरी तेवढी सोसा. इथल्या एजंटाला विचारून मात्र काही करू नका.

दरम्यान कोणी विचारलंच तर खोटं बोलायचं नाही. विनापरवाना काम हे उल्लंघन आहे, त्यातून कधीकधी वाट निघते. अधिकाऱ्याला किंवा व्हिसाच्या फॉर्मवर खोटं सांगणं हा वेगळा आणि फार मोठा गुन्हा मानतात. त्यावरून आयुष्यभर व्हिसा नाकारला जाऊ शकतो. डीएस-160 या अर्जात पूर्वी व्हिसाच्या अटी मोडल्या होत्या का, हे सरळ विचारलेलं असतं. ‘आज दुकानात किती मिळाले?’ असे तुमचे वॉट्सॅपवरचे मेसेज असतील तर ते पुसत बसू नका, वकिलाला दाखवा.

जुलैचं तिकीटही तोपर्यंत थांबवा. परत जाताना विमानतळावरचा अधिकारी प्रश्न विचारू शकतो, फोन तपासू शकतो. कधीकधी वकील स्वतःच सांगतात की देशाबाहेर जा आणि नवा आय-20 घेऊन परत ये. पण तो त्यांचा विचारपूर्वक निर्णय असला पाहिजे. बाबांना भेटायची ओढ मला समजते, तरीही हेच सांगेन.

राहिलेल्या दोन आठवड्यांच्या पैशांवर त्याचा हक्क आहे. तिथला किमान वेतनाचा कायदा व्हिसा न बघता लागू होतो. मागणी मात्र वकिलाला विचारूनच करा.

बुकिंगचं म्हणाल तर काम कुठे झालं हे माणूस कुठे बसलाय त्यावरून बघतात. खोल्या पेडण्यात असल्या तरी तो न्यू जर्सीत बसून रोज पाहुण्यांना उत्तरं देतो, दर ठरवतो आणि त्याबद्दल पैसे घेतो, तर ते धोक्याचं आहे. आईला फोनवर ॲप समजावून सांगणं हे काम नव्हे. मालमत्तेत त्याचा हिस्सा असून भाड्यातला वाटा त्याच्या इथल्या खात्यात जमा होत असेल तर तेही नव्हे. सीझन सुरू व्हायला अजून वेळ आहे. तोवर बुकिंगचं खातं तुमच्या किंवा एखाद्या भाचीच्या हाती द्या.

आता सरळ मार्ग. कॅम्पसवर, म्हणजे लायब्ररीत, मेसमध्ये, प्रयोगशाळेत किंवा शिक्षकांचा सहायक म्हणून, टर्म चालू असताना आठवड्याला 20 तासांपर्यंत आणि सुट्टीत पूर्णवेळ काम करता येतं. दोन ठिकाणी केलं तरी बेरीज 20 च. याच्या पगारातून कर्ज फिटणार नाही, जेवणखर्च निघेल. एक शैक्षणिक वर्ष झाल्यावर अभ्यासक्रमाचाच भाग असलेल्या इंटर्नशिपसाठी सीपीटी मिळतं. पूर्णवेळ सीपीटी 12 महिने झालं तर त्या पदवीचं ओपीटी जातं, म्हणून तिथे सांभाळून. पदवीनंतर ओपीटी 12 महिने, आणि कॉम्प्युटर सायन्स स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या विषयांत) येत असल्याने पुढे आणखी 24 महिने. ओपीटीत मात्र कामाच्या परवानगीचं कार्ड हातात येईपर्यंत आणि त्यावरची तारीख उजाडेपर्यंत एक तासही काम करायचं नाही.

तुमच्या घरासाठी मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो वेगळाच मार्ग, आणि मुलांना तो क्वचित माहीत असतो. वर्ष पूर्ण झाल्यावर, हाताबाहेरच्या आणि आधी न दिसलेल्या कारणाने आर्थिक अडचण आली तर कॅम्पसबाहेर काम करण्याची परवानगी मागता येते. घरचा आधार अचानक तुटणं, वैद्यकीय खर्च, चलनाच्या दरात मोठा बदल ही कारणं नियमातच दिलेली आहेत. डीएसओने शिफारस करायची, मग आय-765 हा अर्ज इमिग्रेशन खात्याकडे करायचा. परवानगी एका वर्षापर्यंतची आणि टर्ममध्ये 20 तासांची. काम आपल्या विषयातलंच हवं अशी अट नाही. या परवानगीचं कार्ड हातात असतं तर किराणा दुकानातलं कामही कायदेशीर ठरलं असतं, याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या यजमानांचं आजारपण या नियमात बसतं. पण अर्जदाराने आपला दर्जा सांभाळलेला असावा लागतो, म्हणून मार्चपासूनच्या कामाचं काय करायचं हे वकिलाने ठरवल्याशिवाय हा अर्ज भरू नये.

पोर्तुगीज पासपोर्टने यात काहीच सुटत नाही. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, हे खरं. पण अमेरिकेत शिकायला पोर्तुगीज नागरिकालाही हाच व्हिसा लागतो आणि त्याच्या कामावर हीच बंधनं असतात. फायदा युरोपियन युनियनमध्ये. ब्रिटनमध्येही आता तो सहजी नाही. शिवाय परकी नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 नुसार भारतीय नागरिकत्व संपतं. घाबरलेल्या अवस्थेत असा निर्णय घेऊ नका.

बँकेकडे मात्र या आठवड्यातच जा. बहुतेक शिक्षण कर्जांत शिक्षण संपल्यावर सहा महिने ते एक वर्षापर्यंत हप्ता सुरू होत नाही. सध्या तुम्ही नुसतं व्याज भरत असाल तर ते पुढे ढकलावं असा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्ज योजनेत बसता का, तेही विचारून घ्या. हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, झटक्याआधीचं आणि नंतरचं टॅक्सीचं उत्पन्न दाखवणारं बँक स्टेटमेंट या सगळ्याचे दोन संच करा. एक बँकेला द्या, दुसरा स्कॅन करून मुलाला पाठवा. वकिलाने पुढे अर्ज करायचा ठरवला तर हेच पुरावे लागतील. जे कागद मराठीत आहेत त्यांचं इंग्रजी भाषांतर करून घ्या आणि ते अचूक असल्याचं भाषांतरकाराचं सहीचं प्रमाणपत्र सोबत जोडा.