सनस्क्रीनमधला क्लोरीन जातो कुठं?

प्रश्न : मुलगा उन्हाळ्यात रोज पोहायला जातो. त्याच्या सनस्क्रीनवर 'टायटॅनियम डायऑक्साइड' लिहिलंय. ते बनवायला क्लोरीन वायू लागतो असं वाचलं आणि धसकाच बसला. गॉगलचंही तेच म्हणे. मग हे लेकराच्या अंगाला लावायचं कसं? – एक आई, उचगाव

उत्तर : ताई, वाचलंत ते खरं आहे. टायटॅनियम डायऑक्साइडची सगळी भुकटी तशी बनत नाही, गंधकाम्लाची जुनी पद्धतही चालते. पण क्लोरीनची पद्धत मोठी आहे, केरळात चवऱ्याला तिचाच कारखाना आहे. तरी हा क्लोरीन ट्यूबमध्ये उतरत नाही.

आपलं गुऱ्हाळ आठवा. काहिलीत रानभेंडीचा चिकट रस घालतात, तो मळी धरून वर येतो, गुळव्या ती काढून टाकतो. गुळात भेंडी राहत नाही. इथं क्लोरीन मळीऐवजी टायटॅनियमलाच धरतो. टायटॅनियमचं खनिज आणि कोक (दगडी कोळसा भाजून केलेला कोळसा) सुमारे १००० अंशांना तापवून त्यावर क्लोरीन सोडला की टायटॅनियम टेट्राक्लोराइड तयार होतं. खनिजातलं लोखंडही क्लोरीन धरतं, पण टेट्राक्लोराइड १३६ अंशांना उकळतं, म्हणून ते वेगळं काढता येतं. मग ते ऑक्सिजनमध्ये जाळलं की शुभ्र भुकटी मिळते, आणि सुटलेला क्लोरीन परत पहिल्या भट्टीत जातो.

मी कॉलेजात शिकवत असताना, जुलैच्या झडीत, या टेट्राक्लोराइडच्या द्रवाच्या बाटलीचं बूच उघडलं होतं. दिसायला पाण्यासारखा. ओली हवा लागली मात्र, दाट पांढरा धूर टेबलभर पसरला. त्यातला पांढरेपणा तुमच्या सनस्क्रीनमधल्याच पदार्थाचा; घशाला झोंबलं ते सोबत तयार झालेलं हायड्रोक्लोरिक आम्ल. दोन दिवस माझा आवाज बसला होता. म्हणून सांगतो, काळजी करायची ती भट्टीपाशी उभ्या राहणाऱ्या कामगाराची करा.

गॉगलची पॉलिकार्बोनेट या कडक पारदर्शक प्लास्टिकची काच बहुतेक वेळा फॉस्जीनपासून बनते. तो क्लोरीन आणि कार्बन मोनॉक्साइडचा अतिशय विषारी वायू. त्यातला क्लोरीन शेवटी मीठ होऊन बाहेर पडतो. मुळात तो मिठाच्याच पाण्यात वीज सोडून काढलेला असतो.

मुलाला सनस्क्रीन खुशाल लावा. पाण्यातून बाहेर आला की अंग पुसून पुन्हा लावा. गॉगल घेताना 'यूव्ही ४००' (म्हणजे अतिनील किरण अडवणारी काच) लिहिलंय का पाहा. नुसत्या काळ्या काचेआड डोळ्यातली बाहुली मोठी होते आणि अतिनील किरण जास्तच आत शिरतात.