फी घ्या, पण काउंटरवरच्या प्रश्नाची नको

नुकतंच स्वतःचं मेडिकल टाकलेल्या एका बी.फार्म. झालेल्या फार्मासिस्टने विचारलंय: औषधं समजावून सांगण्यात रोजचे दोन तास जातात, डॉक्टर तपासणीची फी घेतात, मग आपण माहितीचे ५० रुपये घेतले तर काय चुकलं? सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी २६ वर्षं काउंटरमागे उभा आहे. हा प्रयोग मी करून बसलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फार्मासिस्टांवर देखरेख ठेवणाऱ्या फार्मसी कौन्सिलचे २०१५ चे फार्मसी प्रॅक्टिसचे नियम आले तेव्हा आम्हा अनेकांना वाटलं, चला, आता आपल्या ज्ञानालाही किंमत आली. फी घ्यायची तर काम सुरू करण्याआधी सांगायची, मागाहून नाही, असं त्यात आहे. पण त्याच नियमांत असंही आहे की डॉक्टरांची चिठ्ठी हातात आली की फार्मासिस्टने स्वतःहून पेशंटशी बोलायचं: औषध कसं घ्यायचं, काय जपायचं, डोस चुकला तर काय करायचं, कुठे ठेवायचं. म्हणजे हे बोलणं औषध देण्याच्या कामातच धरलेलं आहे. माझं लक्ष पहिल्या वाक्याकडेच गेलं. मी बोर्ड लावला, ‘औषध सल्ला ३० रुपये’.

दीड महिना तो बोर्ड होता. त्यात जेमतेम सहा-सात जणांनी पैसे दिले. एका सकाळी कोरेगावकडच्या एक मावशी आल्या, धाप लागलेली. दम्यासाठी ओढायच्या कॅप्सूल मीच दिल्या होत्या, सोबत ओढायचं मशीनही. मशीनचा खोका त्यांनी फोडलासुद्धा नव्हता. कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ पाण्याबरोबर गिळत होत्या, नऊ दिवस. मी म्हटलं, “मावशी, विचारलं का नाही?” त्या म्हणाल्या, “बोर्ड बघिटला न्हवं. म्हनलं, इचारायला पैसं पडत्यात.” त्या दिवशी औषध देताना मी होतो, समोर गर्दी होती, आणि मीही आपणहून बोललो नव्हतो. बोर्डामुळे मलाही सवय लागली होती, विचारतील त्यांनाच सांगायची. मावशींना तिथेच बसवून मशीनमधून औषध कसं ओढायचं ते चार वेळा करून घेतलं, डॉक्टरांकडे पाठवलं आणि बोर्ड काढला.

म्हणून तुमच्या ५० रुपयांना माझा विरोध आहे. काउंटरवर उभ्या माणसाने विचारलेला प्रश्न फुकटच राहिला पाहिजे. गरीब माणूस औषधाचे पैसे कसेतरी उभे करतो, पण विचारण्याचे पैसे पहिल्यांदा वाचवतो.

तरीही फी नकोच, असं मी म्हणत नाही. उलट आपली सगळी कमाई विक्रीतून येते, हीच मला मोठी अडचण वाटते. २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे सरकारने कमाल किंमत बांधलेल्या यादीतल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला त्याच्या खरेदी किमतीवर १६ टक्के मार्जिन धरलंय. जीएसटी बाजूला ठेवला तर ५० ची स्ट्रिप ५८ ला, म्हणजे ८ रुपये. त्यातून भाडं, वीज, फ्रीज, पगार, मुदत संपलेला माल, आणि शेजारच्याने लावलेल्या डिस्काउंटची बरोबरी. या हिशोबात ‘ही गोळी तुम्हाला नको’ असं सांगणारा फार्मासिस्ट स्वतःचंच नुकसान करतो.

एका आजींची पिशवी सांगतो. पंच्याहत्तरीच्या, बीपी आणि शुगर. नातू पिशवी काउंटरवर उलटी करून म्हणाला, यातलं काय चालू आहे तेच कळत नाही. गावातल्या डॉक्टरांची बीपीची गोळी, टेल्मिसार्टन ४०. साताऱ्याच्या डॉक्टरांची दुसऱ्या कंपनीची गोळी, तीही टेल्मिसार्टन ४०. नावं वेगळी, रंग वेगळे, आजी दोन्ही घेत होत्या. सकाळी उठताना चक्कर यायची, म्हणून तिसऱ्या डॉक्टरांकडून चक्करीची गोळी लिहून आणलेली. शिवाय दीड वर्षापूर्वी फोडलेले डोळ्यांचे थेंब. मी काहीच बंद केलं नाही, तो आपला अधिकार नव्हे. दोन्ही डॉक्टरांना फोन केले. त्यांनी बीपी मोजून एक टेल्मिसार्टन थांबवली, पुढे चक्करीचीही गरज उरली नाही. पाऊण तास माझा गेला आणि दर महिन्याची दोन औषधांची विक्रीही गेली. या कामाची फी घ्यायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

तेव्हापासून बुधवारी दुपारी दोन ते चार ‘पिशवी तपासणी’ ठेवली आहे. १०० रुपये, फोनवर वेळ देतानाच सांगतो. औषधं कुठूनही घेतलेली चालतात, आमच्याकडून घेतलीच पाहिजेत अशी अट नाही. ती अट घातली की पुन्हा विक्रीच सुरू झाली. शेवटी हाताने लिहिलेला तक्ता देतो, वाचता न येणाऱ्यांसाठी सकाळला सूर्य आणि रात्रीला चंद्र काढून. ज्यांना जड जातं त्यांचे घेत नाही, आणि ते चारचौघांत बोलत नाही.

इंग्लंडचं उदाहरण हमखास दिलं जातं, म्हणून तेवढं सांगतो. तिथे ३१ जानेवारी २०२४ पासून ‘फार्मसी फर्स्ट’ सुरू झालं. घसादुखी, कानदुखी, नागीण अशा सात तक्रारींवर फार्मासिस्ट ठरलेल्या चौकटीत उपचार देतो, आणि सुरुवातीला त्याला एका सल्ल्यामागे १५ पौंड मिळत होते. पण ते सरकारी आरोग्य सेवेकडून, सल्ल्याचे पैसे पेशंट देत नाही. आपल्याकडे ते पेशंटच्या खिशातूनच जाणार, आणि तसे उपचार लिहून देण्याचा अधिकारही आपल्याला नाही. आपल्या संघटनांनी सरकारकडे आणि विमा कंपन्यांकडे हे पैसे मागितले पाहिजेत असं माझं ठाम मत आहे.

एक गोष्ट मात्र फीच्याही आधीची. १९४८ च्या फार्मसी कायद्याने औषध देण्याचं काम नोंदणीकृत फार्मासिस्टचं ठरवलंय, आणि आजही कित्येक दुकानांत सर्टिफिकेट भिंतीवर असतं, माणूस दुसरीकडेच असतो. भाड्याच्या सर्टिफिकेटवर चालणाऱ्या दुकानाने फीचं नावही काढू नये. तुम्ही स्वतः उभे राहताय, हे वाचून बरं वाटलं.

सुरुवात करायची तर एक खुर्ची टाका, काउंटरपासून चार पावलं लांब, जिथलं बोलणं गिऱ्हाइकांना ऐकू जाणार नाही. पहिल्या दहा पिशव्या फुकट तपासा. काय सापडलं, कोणत्या डॉक्टरांना फोन केला, काय बदललं, वहीत लिहा. किती वेळ लागतो ते त्यातून कळेल, मग फी ठरवा.