आधी परतीची गाडी विचारा

मागच्या अंकात आपण विचारलं होतं, स्वतःची गाडी न घेता सिंधुदुर्गचे किनारे बघता येतील का? त्यावर बरीच पत्रं आली. उत्तरं मी देते आहे, कारण मालवणात राहून देवबागच्या वाटेवरच्या एका शाळेत मी २७ वर्षं शिकवलं आणि ती सगळी वर्षं एसटीनेच गेले-आले. घरात दुचाकी आली तीसुद्धा मुलगा कमवायला लागल्यावर.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीचे. मे महिन्यात चार दिवस मालवण-तारकर्लीला यायचं आहे. बरोबर ७६ वर्षांची आई, ११ वर्षांची मुलगी आणि मिस्टर. भाड्याची गाडी परवडत नाही. सगळे म्हणतात, तिथे एसटीचा काही भरवसा नाही. खरं आहे का?

ताई, पूर्ण खरं नाही. भरवसा आहे, फक्त एसटी कुणाच्या वेळेवर चालते ते समजून घ्यायला हवं.

आमच्याकडची गावातली गाडी पर्यटकांसाठी आखलेलीच नाही. रात्री ती शेवटच्या गावी वस्तीला असते. पहाटे तिथून निघते आणि माणसं घेऊन तालुक्याला येते. कुणाला बाजार करायचा असतो, कुणाला तहसीलदार कचेरीत काम असतं, कुणाला दवाखाना गाठायचा असतो, कॉलेजची मुलं असतात. दुपारी आणि संध्याकाळी हीच माणसं परत जातात. म्हणजे सकाळी भरलेली गाडी येते ती गावातून शहराकडे. तुम्ही किनाऱ्यावरच्या गावात राहिलात तर या प्रवाहाबरोबर जायचं. मालवणात राहिलात तर प्रवाहाच्या उलट जायचं, आणि त्या उलट दिशेलाही गाडी असते. ती असते आमच्यासारख्यांसाठी. शिक्षक, पोस्टमन, नर्सबाई, बँकेतले लोक सकाळी मालवणातून गावांकडे जातात आणि संध्याकाळी परततात. चौकशीच्या खिडकीवर "तारकर्लीला गाडी कधी?" असं विचारण्यापेक्षा "शिक्षक कुठल्या गाडीने जातात?" असं विचारा. ती गाडी सहसा चुकत नाही, कारण ती चुकली तर शाळा उघडत नाही.

पण तुम्ही मे महिन्यात येणार आहात, आणि नेमकी तिथेच मेख आहे. शाळांना सुट्टी लागली की शाळेच्या वेळेला धरून चालणाऱ्या काही फेऱ्या बंद होतात. दिवाळीतही तेच होतं. पर्यटक सगळ्यात जास्त येतात तेव्हाच गाड्या कमी असतात. म्हणून दिवाळीत आलेल्या पाहुण्यांनी दिलेलं किंवा मोबाइलवर सापडलेलं वेळापत्रक धरून चालू नका. मालवणात उतरल्या उतरल्या स्थानकावरच्या वाहतूक नियंत्रकाला विचारा आणि कागदावर लिहून घ्या. आधी परतीची वेळ लिहा, मग जायची. माझी एक मावसबहीण देवबागला आली होती. शेवटची गाडी सहाची, असं तिला तिथल्या एका दुकानदाराने सांगितलं. गाडी होती पाचची. बिचारी दोन लहान मुलं घेऊन तारकर्लीपर्यंत चालत आली, तिथे तिला रिक्षा मिळाली. वाळूने भरलेल्या चपला हातात घेऊन ती रात्री माझ्या दारात उभी राहिली, ते अजून आठवतं. तेव्हापासून मी पाहुण्यांच्या हातात चिठ्ठी दिल्याशिवाय त्यांना घराबाहेर पडू देत नाही.

आता येण्याचं बघू. रेल्वेने कुडाळला उतरा. कोकणकन्या किंवा तुतारी, दोन्ही रात्रीच्या गाड्या, तुम्हाला ठाण्याला मिळतील. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि मे महिन्याचं पहिल्या दिवशीच संपतं, तेव्हा कॅलेंडरवर तारखेला गोल करून ठेवा. मुद्दाम रात्रीची गाडी सांगते आहे. सकाळी कुडाळला उतरलात की मालवणची गाडी निवांत मिळते. दिवसाच्या गाडीने आलात तर संध्याकाळ होऊ शकते आणि मग आईला घेऊन रिक्षावाल्याशी घासाघीस करत बसावं लागतं. रेल्वे स्थानकावरून कुडाळच्या एसटी स्थानकापर्यंत रिक्षा करा, त्यात काटकसर करू नका.

कुडाळ ते मालवण तीसेक किलोमीटर आहे. गाडी नेरूरपारला कर्ली नदी ओलांडते आणि धामापूर, चौके करत मालवणात येते. दुसऱ्या गाड्या कसाल, कट्टा या गावांवरून येतात. निवड करता आली तर धामापूरवरूनची घ्या. धामापूरचा तलाव रस्त्याला लागूनच आहे आणि एप्रिल-मेमध्येही तिथली झाडी हिरवीगार असते. मुलीला खिडकी द्या.

तिकिटाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. आईंना ७५ पूर्ण झालेली आहेत, त्यांना तिकीट पडणार नाही. ऑगस्ट २०२२ पासून ही सवलत आहे. आधारकार्ड जवळ असू द्या. तुम्हाला अर्धं तिकीट, महिलांची ही सवलत मार्च २०२३ पासून सुरू आहे. मुलगी १२ च्या आत आहे, तिचंही अर्धं. पूर्ण तिकीट एकट्या मिस्टरांचं! चौघांचा प्रवास दोन तिकिटांत होतो. भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं, म्हणून जवळजवळच्या दोन थांब्यांना कधी सारखंच तिकीट लागतं. वाहकाने जास्त घेतले असं समजू नका. आजकाल वाहकाकडे मोबाइलने पैसे देता येतात, पण देवबागच्या पट्टीत नेटवर्क दगा देतं. दहा-वीसच्या नोटा वेगळ्या ठेवा. 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पास मात्र काढू नका. एका जिल्ह्यात, अर्ध्या तिकिटावर फिरणाऱ्या घराला तो वसूल होत नाही.

आई बरोबर आहेत म्हणून मी तुम्हाला मालवणातच राहा असं सांगेन. बंदर, बाजार, चिवला किनारा, रॉक गार्डन हे सगळं गावातच आहे. थोडं चालत, थोडं रिक्षाने होतं. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंदरावरून सुटते. होडीत चढता-उतरताना पायरी हलते, आईंना दोघांनी दोन बाजूंनी धरा. एक दिवस सकाळच्या गाडीने तारकर्लीला जा. एक दिवस त्याच गाडीने शेवटपर्यंत, देवबागला.

देवबागचा रस्ता मला रोजचा होता तरी कधी शिळा झाला नाही. वायरी गाव मागे पडलं की जमीन निमुळती होत जाते. उजव्या हाताला माडांच्या मधून समुद्र दिसतो, डाव्या हाताला घरांच्या मागे कर्ली नदी. शेवटी दोन्ही जिथे भेटतात तिथे रस्ता संपतो. संध्याकाळच्या गाडीत मासळी विकून परतणाऱ्या बायका असायच्या. रिकाम्या पाट्या सीटखाली सरकवायच्या, पदराने कपाळ पुसायच्या, आणि कुणी नवखा दिसला की पहिला प्रश्न, "खंय उतारतलास?", म्हणजे कुठे उतरणार? तुम्ही नाव सांगितलं की पुढची जबाबदारी त्यांची. तुमचा थांबा आला की वाहकाच्या आधी त्याच ओरडणार. एकदा शाळेतल्या तपासणीमुळे मला उशीर झाला. गाडी सुटायची वेळ झाली होती आणि मी लांबून पळत येत होते. एका म्हातारीने पाय पायरीवर ठेवला आणि "माझी पाटी ऱ्हवली" म्हणून उभीच राहिली. पाटी तिच्या काखेतच होती. मी चढल्यावर ती आत आली.

प्रश्न : वेंगुर्ल्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने बसने गोव्यात जाता येतं का? आम्ही दोघी मैत्रिणी, पाठीवर एकेक पिशवी. सवलत गोव्यातही चालेल का? (सांगली)

येतं, आणि सरळ महामार्गाने जाण्यापेक्षा मला हीच वाट आवडते. वेंगुर्ल्याहून शिरोड्याची गाडी धरा. वाटेत आरवली लागते. तिथे वेतोबाच्या देवळासाठी उतरलात तर पुढची गाडी कधी आहे ते उतरतानाच वाहकाला विचारा. शिरोड्याला वेळागरचा किनारा आहे आणि सुरूचं बन. १९३० चा मिठाचा सत्याग्रह शिरोड्यालाही झाला होता, मिठागरांच्या बाजूने जाताना ते आठवू द्या.

शिरोड्याहून रेडी. रेडीनंतर एसटीवर अवलंबून राहू नका, तेरेखोलपर्यंत रिक्षा करा. तेरेखोलचा किल्ला नदीच्या अलीकडे, आपल्या बाजूला आहे, पण हद्द गोव्याची. किल्ला बघा आणि खाली उतरून फेरीबोटीने केरीला जा. पायी माणसाला फेरीबोटीला पैसे पडत नाहीत. केरीहून हरमल, म्हापशाकडे जाणाऱ्या बस मिळतात. म्हापसा गाठलंत की पुढे सगळीकडे गाड्या आहेत.

सवलतीचं उत्तर : नाही. एसटीची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत. सावंतवाडीहून पणजीला एसटीने गेलात तर बांद्याच्या पुढे हद्द संपते आणि तिथून पुढच्या अंतराचं पूर्ण भाडं लागतं. गोव्याच्या सरकारी कदंबा बसला किंवा तिथल्या खाजगी बसला आपला अर्धा हिशोब लागू नाही. वाहकाशी वाद घालू नका, त्याचा काही दोष नसतो.

प्रश्न : कणकवलीहून देवगड, कुणकेश्वर आणि विजयदुर्ग एका दिवसात एसटीने होईल का?

नाही होणार. ओढाताण करून तिन्ही ठिकाणी पाय लावाल, पण विजयदुर्गच्या तटावर बसायला वेळ राहणार नाही. एक दिवस देवगड आणि कुणकेश्वर, दुसरा दिवस नुसता विजयदुर्ग. महाशिवरात्रीला कुणकेश्वरला जादा गाड्या सुटतात. गर्दी सोसत असेल तर तेव्हा या. एरवी त्या मार्गावर गाड्यांची इतकी सोय नसते.

प्रश्न : पावसाळ्यात यायचं आहे. लोक म्हणतात सगळं बंद असतं. एसटी तरी चालते का? (नाशिक)

एसटी चालते. बंद असतात त्या किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद, तेव्हा ताज्या सुरमईची अपेक्षा ठेवून येऊ नका. समुद्रात पाऊलसुद्धा टाकायचं नाही, हे मी शाळेतल्या मुलांना सांगायचे त्याच आवाजात तुम्हालाही सांगते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, गाड्या सावकाश चालवतात. पोचायची वेळ तिकिटावरची धरा, गेल्या उन्हाळ्यातली नको.

पावसात किनारा सोडा आणि सावंतवाडीला मुक्काम करा. सावंतवाडी रोड हे रेल्वे स्थानक शहरापासून दूर आहे, तिथून रिक्षा लागेलच. शहरातून बेळगाव-कोल्हापूरकडच्या गाड्या आंबोलीवरून जातात. धबधबा घाटातच, आंबोली गावाच्या अलीकडे आहे. वाहकाला आधी सांगून ठेवा, म्हणजे तिथेच उतरवतील. शनिवार-रविवार टाळा. घाटात मोटारींची रांग लागते आणि आपली गाडी तिच्यात अडकून पडते. मंगळवारी-बुधवारी जाल तर पाण्याचा आवाज ऐकू येईल.

याच पत्रात शेवटी विचारलं आहे की चारचाकीने फिरणं इतकं सोपं असताना एसटीचा आग्रह का? मनापासून उत्तर देते. गावातली फेरी ठेवायची की बंद करायची, हे तिच्या भारमानावर, म्हणजे गाडीत माणसं किती बसतात त्यावर बघितलं जातं. माझ्या शाळेतून सातवी होऊन पुढे हायस्कुलात जाणाऱ्या मुली मोफत पासावर त्याच गाडीने जायच्या. एका जूनमध्ये दुपारची फेरी बंद झाली. सकाळची शाळा सुटल्यावर त्या मुली संध्याकाळच्या गाडीपर्यंत स्थानकाच्या बाकावर दप्तर मांडीवर घेऊन बसून राहायच्या. त्यातल्या एकीने दिवाळीनंतर शाळा सोडली. तिच्या घरी मी तीनदा गेले. तिची आई म्हणाली, "बाई, गाडी सुरू करा, मी धाडतंय."

पाहुणे म्हणून आलेले चौघं चार दिवस त्या गाडीत बसले तर तेवढी तिकिटं त्या फेरीच्या नावावर पडतात. दुपारच्या गाडीने जा, ती सगळ्यात रिकामी असते. आणि हात दाखवला की साधी गाडी वाटेतही थांबते, फक्त वळणावर उभे राहू नका. चालकाला लांबून दिसाल अशा जागी उभे राहा.