पॅनिअर नंतर, आधी पॉलिसीचं पहिलं पान

पिंपरीच्या एका वाचकाने लांबलचक पत्र पाठवलं आहे, सोबत कागदपत्रांचे फोटोही. वय 36, चाकणच्या एका कारखान्यात नोकरी, पत्नी घरी शिकवण्या घेते, सहा वर्षांची मुलगी. आईवडील गावी. दोघांचं मिळून महिन्याला 78,000 रुपये हातात येतात. फेब्रुवारी 2024 मध्ये त्यांनी हिमालयन 450 ही मोटरसायकल घेतली. येत्या जूनमध्ये तिच्यावरून मनाली-लेह करायचं आहे, एकवीस दिवसांची रजाही बोलून ठेवली आहे. गाडी सजवायला (बाजूचे पेटारे, म्हणजे पॅनिअर, वगैरे) आणि कॅम्पिंगच्या सामानाला 1,85,000 रुपये लागणार. प्रश्न एवढाच, की हे पैसे बँकेच्या 14 टक्क्यांच्या पर्सनल लोनमधून उभे करावेत, क्रेडिट कार्डाच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घ्यावेत, की विमा पॉलिसीवर कर्ज काढावं?

पत्राच्या शेवटी, जाता जाता, त्यांनी एक वाक्य लिहिलं आहे: ‘गाडीचा इन्शुरन्स पाच वर्षांचा आहे, त्यामुळे ती काळजी नाही.’

ते वाक्य वाचलं आणि मी बाकी सगळं बाजूला ठेवून पॉलिसीचा फोटो मोठा करून पाहिला. तुम्हीही आता तो कागद समोर घ्या. पहिल्याच पानावर मुदतीच्या दोन वेगळ्या ओळी आहेत. थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर, फेब्रुवारी 2029 पर्यंत. त्याच्या वरची ओळ ओन डॅमेजची, म्हणजे तुमची स्वतःची गाडी मोडली, जळली, चोरीला गेली तर. ती फेब्रुवारी 2025 ला संपली. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. शोरूममध्ये पैसे भरताना ‘पाच वर्षांचा इन्शुरन्स’ एवढंच कानावर पडतं. ओन डॅमेजची मुदत एकच वर्षाची आहे हे सांगायला कुणी थांबत नाही. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा मेसेज आला तरी माणूस म्हणतो, आपला तर पाच वर्षांचा आहे, आणि पुसून टाकतो.

याचा अर्थ, तुम्ही पत्रात ज्या हंपीच्या आणि कोकणातल्या राइड कौतुकाने लिहिल्या आहेत, त्या वर्षभरातल्या सगळ्या राइड गाडीला स्वतःचा विमा नसताना झाल्या. गाडी चोरीला गेली असती तर एक रुपया मिळाला नसता, आणि गाडीच्या कर्जाचा 7,800 रुपयांचा हप्ता मात्र फेब्रुवारी 2027 पर्यंत चालूच राहिला असता. त्याच पानावर खाली मालक-चालकाचं 15 लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर आहे. तुमच्या कागदावर तेही एकाच वर्षाचं घेतलेलं आहे आणि तेही संपलं आहे.

दुरुस्ती सोपी आहे. ओन डॅमेज वेगळं घेता येतं. मुदत संपून बराच काळ गेल्याने कंपनी आधी गाडीची तपासणी करेल. नव्वद दिवस उलटून गेल्यामुळे पहिल्या वर्षाचा 20 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, गेला, तो गेलाच. दोन वर्षं झालेल्या तुमच्या गाडीची विम्यातली किंमत आता साधारण दोन लाखांच्या आसपास लागेल. झीरो डेप (घसारा न कापता भरपाई) आणि अपघात कव्हर धरून पाच-सहा हजारांत काम होईल. पुढे गाडीला जे काही लावाल, दिवे, गार्ड, बॅगांची फ्रेम, ते कंपनीला कळवून, थोडा जास्त प्रीमियम भरून पॉलिसीवर चढवून घ्या. न कळवता लावलेल्या वस्तूचा क्लेम मिळत नाही.

आता माणसाकडे येऊ. तुमच्यावर 28 लाखांचं गृहकर्ज बाकी आहे. टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच मोठी रक्कम देणारा निव्वळ विमा, नाही. आयुर्विमा म्हणून जे आहे ते ‘गॅरंटीड’ पॉलिसीतलं 6 लाखांचं कव्हर. लेहच्या वाटेवरच्या बारालाचा खिंडीच्या उतारावर, किंवा रोज कारखान्यात जाताना चाकणच्या तळेगाव चौकात, काही बरंवाईट झालं तर तुमच्या पत्नीच्या हातात 6 लाख आणि डोक्यावर 28 लाख. हे मी घाबरवायला लिहीत नाही. एवढी मोठी सहल आखणाऱ्या माणसाने हा हिशोब एकदाही केलेला नाही, याचं मला वाईट वाटलं.

त्या पॉलिसीबद्दल थोडं. वर्षाला 60,000 रुपये, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी सुमारे 14 लाख मिळणार. तुमचे ओळखीचे एजंट म्हणाले, ‘पैसे दुपटीहून जास्त.’ सहाचे चौदा झाले हे खरं. पण त्याला वीस वर्षं लागली, आणि व्याजात हिशोब केला तर तो साडेपाच टक्के पडतो. हेच हप्ते पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्यांनी गेले असते तर त्याच वेळेला पावणेअठरा लाखांच्या घरात झाले असते. विमा म्हणावा तर सहा लाखांचा, गुंतवणूक म्हणावी तर पीपीएफच्या मागे. घरावर कर्ज असलेल्या, लहान मुलगी असलेल्या, मुख्यतः एका पगारावर चालणाऱ्या माणसाला टर्म न सुचवता असली पॉलिसी विकणं ही चुकीचीच विक्री आहे. मग विकणारा कितीही ओळखीचा असो.

आणि आता तेच म्हणतात, ‘2,40,000 भरलेत, त्यावर दोन लाख कर्ज सहज मिळेल.’ मिळणार नाही. कर्ज भरलेल्या पैशांवर मिळत नाही, सरेंडर किमतीवर, म्हणजे पॉलिसी आज मोडली तर हाती येणाऱ्या रकमेवर, मिळतं. चार हप्त्यांनंतर तुमची सरेंडर किंमत भरलेल्या रकमेच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे 1,20,000 धरा. त्याच्या 80 टक्के, 96,000. तुमच्या यादीच्या जेमतेम अर्ध्यात.

मग पॉलिसी मोडायची का? नाही, घाई करू नका. आता मोडली तर निम्मे पैसे बुडाले. हप्ते थांबवून ती पेड-अप केली, तर दहापैकी चार हप्त्यांच्या प्रमाणात, ढोबळ मानाने साडेपाच लाखांपर्यंत, विसाव्या वर्षी मिळू शकतात. आज मिळणाऱ्या 1,20,000 चे सोळा वर्षांत चार-साडेचार लाख जरी होणार असले, तरी ते पीपीएफच्या व्याजापेक्षा बरं पडतं. म्हणून पेड-अप. मात्र एजंटच्या तोंडच्या आकड्यावर जाऊ नका. शाखेत अर्ज देऊन सरेंडर आणि पेड-अप, दोन्ही रकमा लेखी मागवा. पेड-अप केल्यावर सहा लाखांचं कव्हरही त्याच प्रमाणात खाली येतं, म्हणून टर्म पॉलिसी हातात पडेपर्यंत काही थांबवू नका.

आता खरा हिशोब. दीड कोटीचा टर्म, तुमच्या वयाला, तंबाखू नसल्यास, वर्षाला साधारण 22,000. तिघांसाठी 10 लाखांचा स्वतःचा आरोग्य विमा, धरा 20,000. कंपनीचा तीन लाखांचा मेडिक्लेम नोकरीसोबत जातो, आणि डोंगरात पाय मोडला तर शस्त्रक्रिया आणि परतीचा प्रवास धरून तो तिथेच संपतो. अपघात विमा वेगळा, 5,000. हातपाय मोडून घरी बसावं लागलं तर दर आठवड्याला रक्कम देणारा घ्या. गाडीचा विमा 5,000. बेरीज 52,000. मार्चमध्ये भरायचा तुमचा ‘गॅरंटीड’ पॉलिसीचा हप्ता 60,000 चा आहे. म्हणजे खिशातून एक रुपयाही जास्त न काढता हे सगळं बसतं, वर आठ हजार उरतात. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटीही शून्य झाला आहे. टर्मच्या अर्जात छंदांबद्दल विचारलं तर लांबच्या राइड स्पष्ट लिहा, लपवू नका.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. घराचा हप्ता 26,500, गाडीचा 7,800, पॉलिसीचे महिन्याला 5,000, घरखर्च 25,000, गावी 5,000, एसआयपी 3,000. उरतात साडेपाच-पावणेसहा हजार. 1,85,000 चं कर्ज 14 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 6,300. तो बसतच नाही, आणि व्याजाचे 42,000 जातात ते वेगळेच. नो-कॉस्ट ईएमआयमध्ये व्याज वस्तूच्या किमतीत धरलेलं असतं, वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी. एखादा हप्ता चुकला तर कार्डाचं व्याज वर्षाला 40 टक्क्यांच्या घरात जातं. तेव्हा तिन्हींना नाही.

यादी मात्र मी नीट वाचली, कारण मी स्वतः 2019 मध्ये स्पिती केलं आहे. अॅल्युमिनियमचे पॅनिअर आणि फ्रेम 42,000, टॉप बॉक्स 15,000, जेरीकॅन 3,000, गार्ड आणि बॅश प्लेट (इंजिनाखालचं कवच) 16,000, दिवे 14,000, एक्झॉस्ट (बदली सायलेन्सर) 28,000, अॅक्शन कॅमेरा 38,000, तंबू-स्लीपिंग बॅग-स्टोव्ह-खुर्ची 29,000. या 1,85,000 मध्ये तुमच्या अंगावर घालायची एकही वस्तू नाही. बूट नाहीत, आर्मरचं जॅकेट नाही, हेल्मेट सहा वर्षांचं आहे असं तुम्हीच लिहिलं आहे.

त्या स्पितीच्या वाटेवर, ग्रामफूहून बातलकडे जाताना रस्ता म्हणजे नाल्याचं पात्र, नारळाएवढे गोटे. तिथे चालण्याच्या वेगाने माझी गाडी आडवी झाली आणि डावा पाय खाली सापडला. मागे कापडी सॅडलबॅग होती, ती दबली. अॅल्युमिनियमचा कोपरा असता तर पोटरीवर आला असता. घोट्यापर्यंतचा कडक बूट होता म्हणून मी संध्याकाळी काझ्याच्या वाटेवर चहा प्यायलो. 196 किलोच्या गाडीवर रिकामेच पंधरा किलोच्या घरातले पेटारे लादून असं रान तुडवायचं, हे मला पटत नाही.

सॅडलबॅग बारा-पंधरा हजारांत चांगल्या मिळतात. बूट, जॅकेट, पँट, हातमोजे, हेल्मेट मिळून 40,000 बाजूला ठेवा. बॅश प्लेट आणि इंजिन गार्ड घ्या. एक्झॉस्ट रद्द. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये असे बदल बसत नाहीत, आणि क्लेमच्या वेळी कंपनीला कारण मिळतं. जेरीकॅनही नकोत. मनाली-लेह रस्त्यावर तांदीच्या पंपावर पुढचा पंप 365 किलोमीटरवर अशी पाटी प्रसिद्ध आहे, पण तुमची टाकी 17 लिटरची, 25 चं अॅव्हरेज धरलं तरी सव्वाचारशे किलोमीटर होतात. तंबू मित्राचा आणा. हंगामात वाटेतल्या जिस्पा, सरचू, पांग इथे मुक्कामाचे तंबू लागलेले असतात. सरचू 4,200 मीटरच्या वर आहे, विरळ हवेचा त्रास टाळायला पहिला मुक्काम तिथे न करता जिस्पाला करा.

कॅमेऱ्याबद्दल तुम्ही लिहिलंत की यूट्यूब चॅनल सुरू करून वर्षभरात खर्च वसूल होईल. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायलाच हजार सबस्क्रायबर आणि वर्षात 4,000 तासांचा पाहण्याचा वेळ लागतो. प्रत्येकाने चार मिनिटं पाहिलं तर ते साठ हजार व्ह्यूज, आणि कमाईची फक्त सुरुवात तिथून. अशा आशेवर हप्ता काढू नका. फोनवर शूट करा.

शिवाय पत्रात प्रवासाचा खर्चच नाही. जाऊन-येऊन साडेपाच हजार किलोमीटर, पेट्रोल बावीस हजार. एकवीस दिवसांचं राहणं-खाणं 38,000. टायर, चेन, आधीची-नंतरची सर्व्हिसिंग पंधरा-वीस हजार. एकूण 75 ते 80 हजार. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड घेऊन ठेवा.

सामानाचे सत्तर आणि सहलीचे ऐंशी, मिळून 1,50,000. येत्या जूनपर्यंत तुमच्याकडे पंचवीस-तीस हजार साठतील. 70,000 ची बचत ही जेमतेम महिन्याभराची शिदोरी आहे, तिला हात लावायचा नाही. उलट एप्रिलचा बोनस, तुम्ही 50,000 लिहिलाय, तो तिच्यात घाला. जून 2027 धरा. फेब्रुवारी 2027 ला गाडीचा हप्ता संपतो, तोवर दरमहा साठवलेले ऐंशी हजार, सुटलेल्या हप्त्याचे तेवीस हजार आणि पुढच्या वर्षीचा बोनस, दीड लाख होतात. कर्ज शून्य. या वर्षी बूट-जॅकेट घ्या आणि त्यांच्यासह आंबोली-तिलारीचा एखादा आठवडा करा. वजन बांधून गाडी कशी वागते ते तिथेच कळेल.

येत्या शनिवारी दापोलीला निघताय असं लिहिलं आहे. ओन डॅमेजची तपासणी होऊन पॉलिसी मोबाइलवर येईपर्यंत ती राइड पुढे ढकला, आणि पेड-अपचा लेखी आकडा आला की मला कळवा.