डिग्री कुठली घ्यायची? वैद्यकीय शिक्षणाबद्दल वाचकांचे प्रश्न

निकालानंतर आलेल्या पत्रांपैकी चार आज घेते. पहिल्या पत्रातली अडचण सगळ्यात जास्त घरांत आहे, म्हणून तिथे जरा थांबणार आहे.

मुलीची एमबीबीएसची जागा दुसऱ्यांदा थोडक्यात हुकली. सरकारी बीडीएस (दंतवैद्यक) मिळेल, खासगी बीएएमएसही (आयुर्वेद) मिळेल. नातेवाईक म्हणतात, बीएएमएस घ्या, शेवटी सगळे अ‍ॅलोपॅथीच करतात. की तिसऱ्यांदा रिपीट करू द्यावं? – एक आई, बार्शी

ताई, नातेवाइकांच्या या वाक्यावर विसंबून बीएएमएसला गेलेली आणि पुढे कुढत बसलेली मुलं मी पाहिली आहेत. बीएएमएस म्हणजे साडेचार वर्षं संहिता, द्रव्यगुण, पंचकर्म, शल्य-शालाक्य आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. वेळ एमबीबीएसइतकाच जातो. आयुर्वेदाची ओढ असेल तर हा सुंदर अभ्यास आहे. ओढ नसेल तर साडेपाच वर्षं रेटणं फार कठीण. शिवाय महाराष्ट्रात या डॉक्टरांना आधुनिक औषधं देण्याची जी मुभा आहे, ती राज्य शासनाच्या अधिसूचनांवर उभी आहे. मुलगी उद्या दुसऱ्या राज्यात गेली तर ती मुभा सोबत जात नाही. परवानगी नसताना दुसऱ्या पॅथीची औषधं देणं किती महागात पडतं, हे १९९६च्या एका निकालात दिसतं. होमिओपॅथीच्या डॉक्टरने अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली, रुग्ण दगावला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला निष्काळजीपणा ठरवलं.

बीडीएस चार वर्षांचं, अधिक एक वर्ष इंटर्नशिप. ते हाताच्या कौशल्याचं काम आहे. दिवसभर एका खुर्चीशेजारी, बारीक अवजारांनी, घाबरलेल्या माणसाशी गोड बोलत करायचं. मुलीला एक दिवस ओळखीच्या दंतवैद्यांकडे आणि एक दिवस चांगल्या वैद्यांच्या ओपीडीत बसवा. संध्याकाळी घरी येऊन ती कशाबद्दल जास्त बोलते, ते ऐका.

तिसऱ्या प्रयत्नाबद्दल: नीट कितीही वेळा देता येते, पण म्हणून देत राहावी असं नाही. दोन्ही वेळचे गुण विषयवार मांडा. ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असतात. जीवशास्त्र पक्कं असून फिजिक्सने घात केला असेल आणि दुसऱ्या वेळी गुण भरपूर वाढले असतील, तर आणखी एक वर्ष द्यायला हरकत नाही. दहा-पंधराच वाढले असतील, तर माझं मत स्पष्ट आहे, थांबवा. आणि प्रवेश घेऊन मग जागा सोडायचा विचार असेल, तर दंडाचे आणि शुल्काचे नियम सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत आधी वाचा.

मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रुग्णांपेक्षा प्रयोगशाळेत मन रमतं. एमडी आणि पीएचडी दोन्ही करावं का? – विद्यार्थी, नागपूर

दोन्ही करायलाच हवं असं नाही. मुंबईच्या टीआयएफआर किंवा बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थांत पीएचडीसाठी एमबीबीएस झालेल्यांना अर्ज करता येतो, एमएस्सी लागत नाही. यंत्रं आणि उपकरणांची आवड असेल तर आयआयटी खरगपूरला एमबीबीएस डॉक्टरांसाठी तीन वर्षांचा एमएमएसटी (वैद्यकीय विज्ञान आणि तंत्रज्ञान) हा अभ्यासक्रम आहे. अमेरिकेत एमडी (तिथली डॉक्टरकीची पहिलीच पदवी) आणि पीएचडी एकत्र होतं, साधारण आठ वर्षांत. मात्र तिथल्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचा त्यासाठीचा प्रशिक्षण निधी त्यांचे नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठीच असतो. हे सगळं ठरवण्याआधी आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा विद्यार्थ्यांसाठीचा दोन महिन्यांचा एसटीएस संशोधन प्रकल्प कर. फसलेला प्रयोग पुन्हा लावताना कंटाळा आला नाही, तर पुढचं बोलू.

मुलीला डीओ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) कॉलेजात प्रवेश मिळालाय, एमडीच्या वेटलिस्टवर आहे. पुण्याहून आजी-आजोबा रोज विचारतात, ही खरी डॉक्टर होणार ना? – एडिसन, न्यू जर्सी

होणार, त्यांना निःशंक सांगा. गोंधळ नावामुळे होतो. ब्रिटनमध्ये ऑस्टिओपॅथ म्हणजे हाताने सांधे-स्नायूंवर उपचार करणारा. अमेरिकेत डीओ हा पूर्ण डॉक्टर. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिलला या शाखेचं पहिलं कॉलेज काढलं. आज डीओला पन्नासही राज्यांत औषधं लिहिण्याचा आणि शस्त्रक्रियेचा अधिकार आहे, आणि २०२० पासून एमडी-डीओंच्या रेसिडेन्सीची (पदवीनंतरच्या प्रशिक्षणाची) मान्यता एकाच व्यवस्थेखाली आली. एक मात्र खरं, न्यूरोसर्जरी किंवा त्वचारोग अशा चढाओढीच्या शाखांत डीओंना जागा मिळणं अवघड जातं. म्हणून बरेच डीओ विद्यार्थी स्वतःच्या परीक्षेबरोबर यूएसएमएलई ही एमडींची परवाना परीक्षाही देतात. तिला फॅमिली मेडिसिन किंवा बालरोग करायचं असेल, तर वेटलिस्टकडे डोळे लावून बसू नका.

इंटर्नशिप संपतेय. पीएचसीवर (प्राथमिक आरोग्य केंद्रावर) काम आवडलं. एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी) करू की पीएसएममध्ये (सामाजिक वैद्यकशास्त्रात) एमडी? – डॉक्टर, चंद्रपूर

एमडी तीन वर्षांचं, नीट-पीजी द्यावी लागते, पण पुढे वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायचं तर तेच उपयोगी. एमपीएच दोन वर्षांचं, नीट-पीजी नाही. मुंबईचं टीस (टाटा समाजविज्ञान संस्था) आणि तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन केंद्र ही दोन चांगली ठिकाणं.

पण तू चंद्रपूरची, शेजारच्या गडचिरोलीचंच उदाहरण घे. अभय आणि राणी बंग आधी एमडी झाले, वर्ध्याच्या गावांत काम केलं आणि मग जॉन्स हॉपकिन्सला एमपीएचला गेले. तिथे त्यांनी शिकलेली संशोधनाची पद्धत १९८६ पासून गडचिरोलीत कामी आली. गावातल्याच बाईला नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, तर मरणारी बाळं वाचतात का, हे त्यांनी मोजून पाहिलं. नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला आणि १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. एमपीएचला जाताना त्यांच्याकडे गावातून आणलेले प्रश्न होते. ते नसताना घेतलेली दुसरी डिग्री बहुतेकदा फाइलमध्येच राहते.

सरकारी कॉलेजातली असशील तर बंधपत्रानुसार सरकारी सेवेचं एक वर्ष समोर आहेच. ते टाळू नकोस. पीएचसीतल्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या काढ, मागच्या पाच वर्षांच्या, आणि एकेक ओळ वाच. कुठल्या गावाशी थबकलीस, ते मला लिहून कळव.